परमुलखातला चाकर : मलिक अंबर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस प्रथम विचारले तेव्हा आम्ही सरळ नकार दिला होता. बोनस, भविष्यनिर्वाह निधी, कंत्राटी कामगारांचा कायदा ह्यांवर बोला म्हटले तर आम्ही रात्र सरेपर्यंत बोलू. परंतु इतिहासावर बोलावयाचे म्हणजे त्याला विद्वान माणूस पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वीच्या सकाळी, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. हे ऐकून चालकांपैकी एक वृद्ध गृहस्थ हसले आणि म्हणाले, "तुमचा जन्म चाकर माणसांत गेला ना? मग चाकरीवरच बोला. आमच्या गावात एक फार मोठा चाकर निजलेला आहे."

खुलताबादला आम्ही काही नवखे नव्हे. श्रावणी शनिवारी कामगार मंडळींबरोबर शहरातून पायी भद्रा मारुतीला येण्याचा परिपाठ कित्येक वर्षांचा. उरसात आलो, वेरूळला जाता-येता चहाला थांबलो. परंतु मलिक अंबराच्या कबरीकडे आमचे पाऊल कधी वळले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. त्या गृहस्थांच्या शब्दाखातर एका रविवारी गेलो. गावाच्या वायव्येस तो घुमट उभा आहे. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे दुसरे कोणी नव्हते.

आमच्या मनात त्या दिवसांत एक प्रकरण घोळत होते. ते सांगितल्यावाचून आम्ही हा विषय का घेतला हे कळावयाचे नाही. एका कारखान्याच्या दारात आमची सभा चालू होती. ठेकेदाराने बिहारातून माणसे आणली होती, आणि आमचेच जुने सभासद, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते ओरडत होते, की ह्या बाहेरच्यांना आधी हाकला, मग मागण्यांचे बोला. त्या गर्दीत एक विशीतला पोरगा उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, आम्ही आलो नाही, आम्हांला आणले आहे." आम्ही पंचवीस वर्षे संघटनेचे काम केले, पण ह्या वाक्याला आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. सभा कशीबशी आटोपली. तेव्हापासून परका म्हणजे कोण, आणि परक्याने केलेली चाकरी कोणाच्या खाती जमा धरावयाची, हा हिशेब डोक्यात राहिला होता. अंबराच्या चरित्रात तो हिशेब मोठ्या अक्षरांत मांडलेला सापडला.

तर हा अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. जन्म १५४८ च्या सुमाराचा. त्याचे जन्मनाव चापू होते असे इतिहासकार सांगतात. पोरवयात तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला, तांबड्या समुद्रापलीकडे विकला गेला आणि हात बदलत बदलत बगदादला पोचला. तेथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले. ह्या मालकाने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. अंबर हे एक सुगंधी द्रव्य. त्या काळी गुलामांना अशीच सुगंधांची नाहीतर रत्नांची नावे देत: कोणी अंबर, कोणी याकूत म्हणजे माणिक, कोणी मर्जान म्हणजे पोवळे. धन्याच्या घरातली किमती वस्तू असे नावातच सांगून टाकावयाचे. कारखान्यात नाव जाऊन बिल्ल्याचा नंबर उरतो, हे आम्ही पाहिले आहे. तेथे नंबराऐवजी अत्तर असे, एवढेच.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दक्षिणेत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्याला विकत घेतले. गंमत अशी, की हा चंगीझखान स्वतःच हबशी होता आणि स्वतःच एके काळी विकला गेलेला होता. त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते. येथे क्षणभर थांबून विचारले पाहिजे, की दक्षिणेतल्या सुलतानांना एवढ्या दुरून, एवढा पैसा मोजून माणसे आणण्याची गरज काय पडली? येथे माणसांचा दुष्काळ थोडाच होता?

कारण असे, की दरबारात दोन तट होते. एक दखनी मुसलमानांचा, दुसरा इराण-तुराणातून आलेल्या परदेशी सरदारांचा. दोघांची आपसांत अशी जुंपे, की सुलतानाला कोणाच्याही हाती आपली मान देण्याची धास्ती वाटे. ज्याला भाऊबंद आहेत, गाव आहे, वतन आहे, सोयरेधायरे आहेत तो माणूस वेळ आली की आपल्या माणसांकडे झुकणार. हबशी गुलामाला ह्यांतले काहीच नाही. त्याला धनी तेवढा एक. आमच्या धंद्यात हे तत्त्व फार चांगले ठाऊक आहे. मालकाला गावचा मजूर नको असतो, कारण त्याचा मामा सरपंच असतो, सुगीला तो रजा मागतो, आणि काढून टाकले तर सगळी आळी दारात येऊन बसते. हजार मैलांवरून आणलेल्या पोराला आळी नसते. चारशे वर्षांत रेल्वे आली, कायदे आले, परंतु हा हिशेब पुसला गेला नाही.

मात्र त्या व्यवस्थेत एक वाट उघडी होती, जी आजच्या पोराला उघडी नाही. हबशाची गुलामी जन्मभराची असेच असे नव्हे. धनी मेला म्हणजे बहुधा तो मोकळा होई आणि आपली तलवार घेऊन पाहिजे त्या सरदाराकडे चाकरीला लागे. चंगीझखान १५७५ च्या सुमारास मेला, त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले, त्याने लग्न केले, आणि मग वीस वर्षे हा माणूस पोटार्थी शिपाई म्हणून फिरला. काही काळ विजापुरी होता. मलिक ही पदवी त्याला तिकडेच मिळाली. १५९५ मध्ये तो परत निजामशाहीत, अभंगखान नावाच्या हबशी सरदाराच्या फौजेत दिसतो. तोपर्यंत वय सत्तेचाळिशीच्या आसपास. त्या काळच्या मानाने म्हातारपणाकडे झुकलेला, थोड्या स्वारांचा नायक, ह्यापलीकडे त्याची ओळख नाही. आमच्या श्रोत्यांत पन्नाशीचे पुष्कळ जण आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१६०० च्या ऑगस्टात अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याआधी चांदबिबी स्वतःच्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. राजधानी गेली, गादीवरचा पोर पकडला गेला. राज्य संपले असे आग्र्यास धरून चालले. आणि ह्या ठिकाणी आमचा चाकर इतिहासात शिरतो. अंबराने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मूर्तझा ह्या नावाने त्याला गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली, आणि स्वतः कारभार हाती घेतला. ज्या घराण्याच्या पेशव्याने त्याला बाजारात घेतले होते, त्या घराण्याला राजा त्याने पुरविला.

परमुलखात जाऊन मोठेपणा मिळविलेली माणसे जगात इतरही झाली. फ्रान्सचा चौदावा लुई ह्याने १६८५ साली आपल्या राज्यातल्या प्रॉटेस्टंटांना, ज्यांना ह्यूगेनॉट म्हणत, त्यांना मिळालेली धर्माची मोकळीक काढून घेतली. त्याच वर्षी प्रशियाच्या अधिपतीने पॉट्सडॅमहून जाहीरनामा काढून त्यांना आपल्या मुलखात बोलाविले, आणि वीस हजारांच्या आसपास लोक तिकडे गेले: विणकर, कारागीर, आणि सरदार घराण्यांतले शिपाईगडीही. अशा एका घराण्यात हाइनरिख ऑगस्ट द ला मॉत फुके हा १६९८ साली जन्मला. तो प्रशियाच्या सैन्यात चढत सेनापती झाला. थोरला फ्रेडरिक राजपुत्र असता बापाने त्याला किल्ल्यात कोंडले, तेव्हा त्याची भेट घेण्यास जाणारा हा फुके. पुढे फ्रेडरिक राजा झाला तरी ती मैत्री तुटली नाही. १७६० मध्ये लांडेसहूटच्या लढाईत त्याचा पराभव झाला, जखमी होऊन तो शत्रूच्या कैदेत पडला. तरीही राजाने त्याला टाकले नाही.

ह्या फुकेची कथा वाचताना आम्हांस बरे वाटले, परंतु अंबराशी त्याची तुलना फार पुढे जात नाही. फुकेच्या घराण्याने धर्म राखण्यासाठी देश सोडला. अंबराला देश आणि धर्म दोन्हींबद्दल कोणी विचारलेच नाही. फुकेला बोलावणारा राजा होता, घराण्याचे नाव होते, आणि मागे वीस हजारांची वस्ती होती. परांड्यास अंबराजवळ ह्यांतले काय होते? राजासुद्धा त्याचा त्यालाच घडवावा लागला.

राजा मिळाला, पण फौज? खजिना मोगलांकडे, मोठी तोफ मोगलांकडे. अंबराने येथल्या डोंगरांकडे आणि येथल्या माणसांकडे पाहिले. मराठे शिलेदार आणि बारगीर, हलक्या घोड्यावरचे, जवळ तंबू नाही की सामान नाही, ह्यांच्या टोळ्या त्याने लढाईला लावल्या. समोरासमोर उभे राहावयाचे नाही. रसद तोडावयाची, रात्री छावणीवर पडावयाचे, शत्रू पाठीस लागला की घाटात शिरावयाचे. मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर. ते शहर उपाशी ठेवले की आपोआप मागे फिरे. हे युद्ध अंबराने एकट्याने शोधून काढले असे म्हणणे बरोबर होणार नाही. डोंगरातल्या लोकांना ते आधीपासून अवगत होते. त्याने त्याची शिस्त लावली आणि वर्षानुवर्षे त्याचा पगार भरला. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास लिहून ठेवतो, की अंबरापाशी त्याच्या स्वतःच्या जातीचे दहा हजार आणि दखनी सुमारे चाळीस हजार लोक आहेत. ह्या चाळीस हजारांत आपल्या वेरूळचे भोसले होते. खुलताबादहून वेरूळ ते किती लांब! मालोजी व विठोजी निजामशाहीचे चाकर; मालोजींचे मुलगे शहाजी आणि शरीफजी अंबराच्या निशाणाखाली लढले.

लढाया सर्व सांगत बसत नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानचा मुलगा इरज ह्याने त्याला हरविले, तो जखमी झाला. राज्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर राजू नावाचा दखनी सरदार बसला होता, त्याच्याशी सात वर्षे झगडा चालला. १६०७ च्या सुमारास राजू संपला आणि दौलताबाद हाती आले. पुढे अहमदनगरचा किल्लाही काही वर्षे परत मिळविला. आणि १६१० मध्ये, दौलताबादेच्या डोंगरापासून फार दूर नव्हे अशा खडकी गावाशी त्याने नवे शहर वसविले. तेच पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच्या मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून सांगितला जाणारा भडकल दरवाजा अजून उभा आहे. त्याच्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि चौदा एप्रिलला तेथे जी माणसे लोटतात त्यांत आम्हीही असतो. इतक्या वर्षांत दरवाजाकडे मान वर करून पाहिल्याचे आठवत नाही.

आता कडू भाग. १६१० मध्येच मूर्तझा निजामशाह विषाने मेला. ते विष अंबराने दिले. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबराला भेटला होता. त्याने जी हकीकत लिहिली तिच्याप्रमाणे सुलतानाच्या इराणी बायकोने अंबराच्या मुलीला काळी दासी म्हणून हिणविले, आणि सुलतान अंबराविरुद्ध बोलू लागला. मुलगी बापाकडे गेली. काही दिवसांत राजा आणि ती राणी दोघेही गेली, आणि पाच वर्षांचा बुऱ्हाण गादीवर आला. ह्या घटनेला पुष्कळ लेखक राजकारण म्हणून सोडून देतात. आम्हांस तसे सोडता येत नाही. बापाच्या मनाला लागलेली जखम आम्ही समजू शकतो. ज्याला बाजारात उभे करून दात पाहून घेतले असतील, त्याला ती शिवी कोठे लागली असेल हेही समजते. पण जावयाला विष घालणे ते विष घालणेच.

आणि दुसरेही एक आहे. फिंचने सांगितलेले ते दहा हजार हबशी आले कोठून? जसा अंबर आला तसेच. बाजारात विकला गेलेला माणूस मोठा झाला, आणि त्याच बाजारातून आणलेल्या माणसांच्या बळावर राज्य करू लागला. बाजार बंद करण्याचे त्याच्या मनात आले असे कोठे दिसत नाही. आमच्या कामात ह्याचा अनुभव नित्याचा. मजुरांतून वर आलेला मुकादम पुष्कळदा मालकापेक्षा कडक असतो, कारण मजुराची प्रत्येक युक्ती त्याने स्वतः वापरलेली असते. अंबरही कडक होता. तो डच व्यापारी म्हणतो, की त्याच्या मुलखात वाटसरू सोने घेऊन निर्धास्त जाऊ शकतो. आणि त्याच दमात सांगतो, की दारू पिऊन झिंगलेल्याच्या घशात हा माणूस तापलेले शिसे ओततो. दारूबंदीचे आम्ही पुरस्कर्ते आहोत, तरी हे वाचून पुस्तक मिटले.

मग त्याची बाजू कोणती? आमच्या मते ती तलवारीत कमी आणि दप्तरात जास्त आहे. त्या काळी सरकारसारा वसूल करण्याचा मक्ता देत. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून जमेल तेवढे ओरबाडावे. सरकारला कटकट नाही, मक्तेदाराला मर्यादा नाही, कुणब्याला दाद नाही. अंबराने हा मक्ता काढून टाकला. जमिनीची प्रत पाहून, गावोगावच्या पिकाचा अंदाज करून, सरकारचा हिस्सा ठरविला. हा हिस्सा धान्यात पिकाच्या दोन पंचमांश असे, आणि पुढे तो रोख केला तेव्हा सुमारे एक तृतीयांश बसे, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांवर टाकली, त्यांची वतने वंशपरंपरा चालू ठेवली, म्हणजे गाव उजाड झाला तर त्यांचेही नुकसान व्हावे. हीच मलिकंबरी पद्धत. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी हीच रीत धरून घडी बसविली, आणि मलिकंबरी धारा हे शब्द पुढे कित्येक पिढ्या महसुली कागदांत येत राहिले.

श्रोत्यांपैकी जे शेतकरी असतील ते म्हणतील, की पिकाचा तिसरा हिस्सा सरकारने घेणे हा काय न्याय झाला? न्याय नव्हेच. परंतु मधला माणूस निघून जाणे ह्याची किंमत ज्याने मधला माणूस सोसला आहे त्यालाच कळते. आमच्याकडे १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या नावातच नियमन आणि निर्मूलन असे दोन शब्द होते. त्यांतल्या दुसऱ्या शब्दासाठी आम्ही अर्धे आयुष्य दारोदार फिरलो. अंबराने ते काम एका राज्यात करून दाखविले, तेही मोगल दाराशी उभे असताना. तुमचा हिस्सा इतका, ह्याहून एक दाणा अधिक नाही, असे ज्याला आगाऊ कळते तो माणूस विहीर खणतो. न कळणारा खणत नाही.

दुसरे पाणी. खडकीच्या भोवतालच्या डोंगरांत मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणावयाचे ही त्याची योजना. नहरे-अंबरी म्हणतात ती हीच. वाटेत हवा खेळावी, गाळ काढता यावा, म्हणून शंभराहून अधिक उसासे बांधलेले. ह्या पाण्याला पंप नको, बैल नको. पुढच्या शतकांत ह्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, आणि विसाव्या शतकापर्यंत शहराने ते पाणी वापरले. आता पाणी जायकवाडीहून येते, आणि कसे व किती दिवसांनी येते ते आमच्या कामगार वस्त्यांतल्या बायाबापड्यांना विचारावे.

१६१६ मध्ये हे नवे शहर मोगलांनी जाळले. शाहनवाजखानाने रोशनगावच्या लढाईत अंबराला हरविले आणि खडकीत शिरून धूळधाण केली. ह्या पराभवामागे घरची फूट होती. सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि दुसरे सरदार आधीच मोगलांकडे गेले होते. त्यांना दोष देण्यास आम्ही उतावीळ नाही. त्या काळी सरदार धनी बदलत, आणि ज्याच्या पदरी हजार पोटे आहेत त्याला पगार कोठून येतो हे पाहावे लागते. जहांगीर बादशहाने मात्र ह्याच सुमारास एक चित्र काढविले. अबुल हसन ह्या चित्रकाराच्या हातचे ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात भाल्याच्या टोकावर अंबराचे तोडलेले मुंडके आहे, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात अंबर जिवंत होता, पुढे दहा वर्षे जिवंत राहिला, आणि बादशहाची व त्याची गाठ रणांगणावर एकदाही पडली नाही. चित्रात शत्रू मारणे स्वस्त पडते.

खडकी त्याने पुन्हा वसविली. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमने ती पुन्हा उद्ध्वस्त केली. ह्याने पुन्हा डोके वर काढले. तोच खुर्रम पुढे बापाविरुद्ध बंड करून हरला आणि पळत दक्षिणेत आला, तेव्हा अंबराच्याच मदतीने त्याने बुऱ्हाणपूरला वेढा घातला. हाच पुढचा शाहजहान बादशहा.

भातवडी मात्र सांगितली पाहिजे. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही एकत्र आल्या. अंबराचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. तो अहमदनगरजवळच्या भातवडीपर्यंत मागे आला आणि तेथल्या तलावाचा बांध त्याने फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल झाला. तोफा, बैल, घोडी रुतली. मग रोज रात्री मराठ्यांचे आणि हबशांचे छापे. उपासमार लागली, शिपाई फुटून इकडे येऊ लागले, आणि शेवटी हल्ला झाला तेव्हा दोन्ही फौजांची दाणादाण उडाली. आदिलशाहीचा मुल्ला महंमद मारला गेला. ह्याच लढाईत शरीफजी भोसले पडले. शहाजीराजांची तलवार येथे प्रथम सर्वांच्या डोळ्यांत भरली. कवींद्र परमानंदाने शिवभारतात ही लढाई वर्णिली आहे आणि अंबराचे नाव आदराने घेतले आहे. वर्षभरात शहाजीराजे मात्र अंबराला सोडून आदिलशाहीत गेले. भावाचे रक्त सांडूनही मनासारखा मान मिळाला नाही असे सांगतात. खरे असेल. मोठा झालेला मुकादम बरोबरीच्या कर्त्या माणसाला जागा देत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. आरशातही पाहिले आहे.

१४ मे १६२६ च्या सुमारास अंबर वारला. तेव्हा ह्या गावाचे नाव रोझा होते. खुलताबाद हे नाव पुढे औरंगजेबाच्या मरणोत्तर पदवीवरून आले. जर जरी जर बक्ष ह्यांच्या दर्ग्याच्या ह्या पवित्र गावात त्याने आपली कबर जिवंतपणीच बांधून ठेवली होती. गुलामाला पुरण्याची जागाही धनी ठरवितो. ह्याने ती स्वतः निवडली, आणि हबसाणाकडे प्रेत न्या असे म्हटले नाही. मोतमीदखान हा जहांगीराचा दरबारी बखरकार. आयुष्यभर धन्याने ज्याला शिव्या दिल्या, त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात ह्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि गुलाम एवढ्या पदाला चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले.

मुलगा फत्तेखान राजवाड्यात वाढलेला. त्याला कोणी विकले नव्हते, त्याला येथे आणावे लागले नव्हते, ह्याच मातीतला. बापाच्या जागी तो पेशवा झाला, सुलतानाला त्याने मारविले, आणि १६३३ च्या जूनमध्ये दौलताबादचा किल्ला महाबतखानाच्या स्वाधीन करून मोगलांचा तनखा घेत बसला. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला आणखी एक पोर गादीवर बसवून १६३६ पर्यंत झुंज दिली; परांड्यास अंबराने जे केले होते तेच.

कबर पाहून झाल्यावर आम्ही त्या बिहारच्या पोराला निरोप धाडला आणि पुढच्या रविवारी त्याला इकडे घेऊन आलो. त्याला वाचता येते. ही कोणाची कबर म्हणून त्याने विचारले, आम्ही सांगितले. तो बराच वेळ घुमटाकडे पाहत होता. मग त्याने विचारले, की ह्याचे गाव कोठले, आणि तिकडच्या लोकांना कळविले होते का? आम्ही म्हटले, कोणाला कळविणार? तेथून दोघे चौकात आलो, भजी खाल्ली आणि चारच्या बसने परत गेलो. पोरगा आता आमचा सभासद आहे. पावती फाडली त्या दिवशी जुन्या मंडळींपैकी दोघे उठून गेले, ते अजून आलेले नाहीत. त्यांच्या घरी जावयाचे आहे.